रघुजी सरांकडे नेलेल्या चकल्या

श्री

देवास,
सोमवार, १५ सप्टेंबर २००३

तीर्थस्वरूप तात्यांच्या चरणी धाकट्या माईचा शिरसाष्टांग नमस्कार. सौ. वहिनींनाही नमस्कार सांगावा, आणि मागच्या पत्राला उत्तर त्यांनी लिहिलं की तुम्ही, हेही कळवावं, कारण अक्षर तुमचं होतं पण शहाणपण त्यांचं वाटलं.

तुमचा गुडघा कसा आहे? खोकला गेला का? मुंज तलावापर्यंत रोज चालून येता असं ऐकलं. चालावं, पण परत येण्याइतकं बळ शिल्लक ठेवून चालावं. मी इथे खुशाल आहे. (तशी नाही, पण पत्रात आधी खुशाल लिहायचं असतं, असं चौथीत आपल्या धारच्या शाळेत बाईंनी शिकवलं होतं, आणि पाचवीत मला पाठवलंच नाही, त्यामुळे पुढचं काय लिहायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. तेव्हा चुकलं माकलं सांभाळून घ्यावं.) दातांची नवी कवळी आली आहे. ती घातली की बोलता येत नाही आणि काढली की खाता येत नाही. मी बोलायचं ठरवलं आहे. वीज रोज सहा तास जाते. दुपारी गेली की मी ओट्यावर बसते, आणि कोण येतंय कोण जातंय ते बघते, त्यात दिवस छान जातो.

आता मुख्य. नवरात्रात, घट बसले की दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी सत्तावीस तारखेला, आमच्या किमयाच्या शाळेच्या मुली तिकडे धारला फुटबॉल खेळायला येणार आहेत. मोठी स्पर्धा आहे म्हणतात. दुपारी त्या तुमच्याकडे जेवायला येतील असं मी परस्पर सांगून बसले आहे. वहिनींना म्हणावं रागावू नका, मुलींपैकी निम्म्यांचे उपास असतील, तेव्हा साबुदाणा भिजवला की झालं. अकरा मुली येतील. किंवा एकही येणार नाही. दहा मात्र येणार नाहीत, कारण दहाजणींचा संघ स्पर्धेत घेत नाहीत. सगळं एका मुलीवर अडलं आहे आणि ती मुलगी आमचीच आहे.

किमयाला तुम्ही पाहिलं ते तिच्या मुंडावळ्या बांधून खेळायच्या वयात. आता अकरावीत आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच. काय खेळते म्हणून सांगू तात्या. पहिल्या वेळी मी मैदानावर गेले ते तिला ओढून आणायला गेले होते, पायात चड्डी आणि गुडघे उघडे, कॉलनीतल्या बायका काय म्हणतील म्हणून. गेले, आणि बसले. चेंडू तिच्या डाव्या पायाला चिकटूनच असतो. समोरच्या मुली उजवीकडे धावतात आणि ही डावीकडून निघून गेलेली असते, जशी पंगतीतून न सांगता उठलेली. लहानपणी हीच डावा पाय आधी घरात टाकायची म्हणून मी किती वेळा उंबऱ्याबाहेर परत पाठवली आहे तिला. आता त्या डाव्या पायाला बघायला इंदूरहून माणसं येतात. मी घरी येऊन देवाची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून सतरंजी घेऊन जायला लागले.

तिला हे सगळं शिकवलं रघुजी सरांनी. हे कोल्हापूरकडचे. पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले, रिटायर झाले, बायको नाही, मूलबाळ नाही, आणि कॉलनीमागच्या मैदानावर मुलींचा क्लब काढून बसले. दगड स्वतः वेचले त्या मैदानातले. दसरा झाला की भोपाळला निवड आहे, त्यात जी मुलगी निघेल तिला सरकारी होस्टेलात ठेवून शिकवतात, खाणंपिणं, शाळा, खेळ सगळं. सर म्हणाले, तुमची किमया निघणार. फक्त एक अट. कागदावर सही हवी की भोपाळपर्यंत क्लब सोडून दुसरीकडे कुठेही खेळणार नाही. शाळेतसुद्धा नाही.

शाळेत उमाशंकर सर आहेत, पीटीचे. ते फुटबॉल शिकवतात म्हणजे शिट्टी वाजवतात आणि मुली धावतात. पण माणूस भला. त्यांच्याकडे मुलीच मुळी अकरा. बारावी मुलगी होती, तिला कावीळ झाली. आणि गोलमध्ये उभी राहते ती शिवानी. शिवानी आमच्या किमयाची पहिलीपासूनची मैत्रीण, बारावीत आहे. (एक वर्ष पुढे कशी म्हणाल तर आमची गोवर निघाल्यामुळे मागे राहिली.) शिवानीच्या वडिलांचं असं आहे की शाळेत जे होईल ते अभ्यास, आणि शाळेबाहेर जे होईल ते उंडारणं. त्यामुळे तिला क्लब नाही. शाळेचा खेळ तेवढाच तिचा खेळ. तिचं खातेगांवला जमलं आहे, बारावीची परीक्षा झाली की लग्न. मुलगा चांगला आहे, सोयाबीन भरपूर आहे. पण ती मला एकदा ओट्यावर बसून म्हणाली, "दादी, धार जाऊँगी तो बस में खिड़की के पास बैठूँगी." एवढंच. आजवर ती आईबापाशिवाय एकदाही बसमध्ये बसलेली नाही.

तर किमयानं काय करायचं, यावर आमच्या घरी आठ दिवस भांडण चाललं. आपला स्वानंद, पोरीचा बाप, क्लबच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, एका मशीनला दोन सुपरवायझर दिले की मशीन बिघडतं. क्लबात ती आपल्या तोडीच्या मुलींशी खेळते, शाळेत काय, निम्म्या मुली चेंडू आला की डोळे मिटतात. शिवाय शाळेच्या मैदानावर खडी, एकदा पाय मुरगळला की भोपाळ गेलं. मधुवंती (सूनबाई बोलायला लागली की मी ऐकते, कारण क्वचित बोलते) शाळेच्या बाजूची. ती म्हणाली, खेळ आज ना उद्या सुटतो, माझाही कत्थक सुटला, पण ज्या मैत्रिणींबरोबर नाचले त्या अजून पत्र लिहितात. आणि शाळेत हिला जे टाळ्या वाजवतात ते ओळखीचे लोक असतात, भोपाळला कोण ओळखणार आहे. दोघंही मला बरोबर वाटली. मी ज्याच्याजवळ बसलेली असेन त्याच्या बाजूची व्हायची.

मग मी माझं मत दिलं. मी म्हटलं, अरे, या देवासातच राहून हा प्रश्न विचारता? इथे एका गावात दोन राजे होते. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकाचं राज्य, त्या अंगाला दुसऱ्याचं. मी सून म्हणून आले तेव्हा राज्यं जाऊन चार वर्षं झाली होती, पण सासूबाई अजून भाजी आणायला जाताना धाकटीत जाऊन येते म्हणायच्या. मामंजी थोरल्या दरबारात कारकून, त्यांचे सख्खे भाऊ धाकट्या दरबारात, आणि दोघं एका ताटात जेवायचे. टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत, थोरली आणि धाकटी. मी आजवर एकीची ओटी भरून दुसरीला तशीच ठेवून खाली उतरले नाही, आणि दोघींपैकी कोणी मला कागदावर सही मागितली नाही. मग पोरीनं दोन्हीकडे खेळलं तर कुठे बिघडलं?

किमया म्हणाली, "आजी, तुझ्याकडे दोन राजे होते. माझ्याकडे दोन सर आहेत. सर लोग ज़्यादा डेंजर होते हैं."

शेवटी स्वानंदनं क्लबच्या कागदावर सही केली.  दुसऱ्या दिवसापासून किमया सकाळी सातऐवजी सहाला शाळेत जायला लागली. मला वाटलं, अभ्यास. चौथ्या दिवशी मी तिचे मोजे धुवायला घेतले तर त्यात खडी. क्लबच्या मैदानात तर सरांनी खडा ठेवलेला नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "आजी, मी नाही खेळले तर टीमच नाही होणार. शिवानी का क्या होगा? बस धारची मॅच. तू कुणाला बोलायचं नाही. तुला येतं का असं, न बोलणं?" मी म्हटलं, येतं म्हणजे काय. तिनं मला देवासमोर नेऊन शपथ घ्यायला लावली. मला इतका आनंद झाला तात्या. अडुसष्ट वर्षांत मला कोणी गुपित सांगितलं नव्हतं. यांनी तर घर बदलणार आहोत हेसुद्धा सामान हलवताना सांगितलं होतं.

आता चकल्यांचं. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन रघुजी सरांकडे गेले. कोणाला सांगून गेले नाही. माझा विचार चांगला होता. गोडीगुलाबीनं म्हणावं, सर, धारची एक मॅच तेवढी खेळू द्या पोरीला, भोपाळचं तुमचंच. सर एकटे, बनियनवर बसून बुटांना खिळे मारत होते. मला बघून सदरा घातला, खुर्ची पुसली, चहा ठेवला. आणि मराठी बोलले. तात्या, तुमच्या धारेत अजून चार घरं असतील, इथे माझ्याशी दहा मिनिटं सरळ मराठीत बोलणारं कोणी उरलेलं नाही. मुलगा सासुरवाडीच्या हिंदीत बोलतो, नात तिच्या शाळेच्या. भाजीवाल्याशी मी मालवी बोलते, देवाशी संस्कृत, तेही पाठ केलेलं. आणि हा माणूस समोर बसून "व्हय व्हय आजी, मग?" म्हणत होता. प्रत्येक वाक्याला "मग?" मला असं कोणी मग म्हणून किती वर्षं झाली.

पहिल्यांदा मी माझं बोलणं काढलं, की दोन्हीकडे खेळली तर काय. ते चकली मोडून म्हणाले, "आजी, आमच्या कोल्हापुरात पोरगं एका तालमीचं म्हंजे एकाच तालमीचं. दुसऱ्या पेठेचा बॉल गटारात पडला तरी आम्ही उचलत न्हाई." मग म्हणाले की त्यांनी तरुणपणी एकदा दोन्हीकडून खेळायचं कबूल केलं होतं, आणि दोन्हीकडच्यांनी मिळून त्यांना मारलं, आणि तो गुडघा अजून वाकत नाही. मला वाईट वाटलं. मग मी त्यांना यांच्या शेवटच्या आजाराचं सांगितलं. मग देवासच्या दुष्काळात पाण्याची रेल्वे यायची त्या वर्षांचं. मग कवळीचं. ते मग म्हणत राहिले. अंधार पडायच्या आत मी घरी आले, डबा रिकामा, मन इतकं हलकं, जसं काही माहेरी जाऊन आले.

तीन दिवसांनी क्लबच्या मैदानावर सरांनी किमयाला बाजूला घेतलं. कागद तिच्या हातात परत दिला. म्हणाले, सकाळी सहाला शाळेत जातेस ते मला ठाऊक आहे. मला खेळाडू कमी पडला तरी चालेल, शब्द कमी पडलेला चालत नाही. तुझ्या जागी भोपाळला दुसरी जाईल. ती विचारत राहिली, कोणी सांगितलं सर. ते म्हणाले, "तुझ्याच माणसानं. नाव न्हाई सांगणार. विश्वासानं आलं होतं."

आता शिवानीचं घर रघुजी सरांच्याच गल्लीत, तीन दारं सोडून. आणि किमया क्लबातून निघाली तर ती शाळेचीच राहणार, त्यात फायदा कुणाचा? किमयानं हिशोब लावला. घरी आली, बूट कोपऱ्यात फेकले, मला म्हणाली, शिवानीनं सांगितलं. मी तांदूळ निवडत होते. मला वर बघता आलं नाही. मी म्हटलं, काय माहीत बाई.

(मीच सांगितलं तात्या. कवळीनंतर कधीतरी. ते म्हणाले मग, आणि मी म्हटलं, आता बघा ना, पोर बिचारी पहाटे सहाला जाते मैत्रिणीसाठी, किती मोठं मन. मला वाटलं, ते ऐकून त्यांना कौतुक वाटेल. त्यांनी त्यानंतर मग म्हटलं नाही, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मी पुढे पुन्हा चकलीच्या भाजणीचं बोलत राहिले.)

त्याला आज आठ दिवस झाले. किमया शाळेत खेळायला जात नाही. म्हणते, जिथे ती उभी राहील तिथे मी उभी राहणार नाही. क्लब गेला, भोपाळ गेलं, आणि आता धारही जाणार. स्वानंद म्हणतो, बघ, मी म्हणत होतो एकच धर. मधुवंती म्हणते, मीही तेच म्हणत होते. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडते. मी मंगळवारी परत सरांकडे गेले, रिकाम्या हातानं. चहा ठेवला त्यांनी. मी हात जोडले तर त्यांनी माझे हात धरून खाली ठेवले. म्हणाले, "आजी, तिला काढली त्या दिवसापासून मी बी जेवलो न्हाई धड. पण आता एकीला सोडलं तर उरलेल्या चौदांना काय सांगू?" मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. त्यांनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही, आजही सांगणार नाहीत. असा सज्जन माणूस. थोडा कमी सज्जन असता तर बरं झालं असतं, शिवानी वाचली असती.

परवा शनिवारी शिवानी आली होती. फाटकातच उभी राहिली, ओढणी डोक्यावरून घेऊन, जशी आत्ताच सासरी गेलेली. किमयाला हाक मारली तर ती गच्चीवर निघून गेली. शिवानीनं मला दोन मोजे दिले, किमयाचे, शाळेत राहिलेले, धुऊन घडी करून आणले होते. म्हणाली, "दादी, मैंने नहीं बोला. मेरी माँ की कसम. आप तो मानती हो ना?"

मी म्हटलं, मानते बाळ. आणि तिला रव्याचा लाडू दिला. तिनं तो तिथेच उभं राहून खाल्ला, सगळा, माझ्याकडे बघत, मग हात ओढणीला पुसून गेली. तात्या, मी आयुष्यात बोलून खूप चुका केल्या आहेत, यांचा त्यावर एक ठरलेला चेहरा होता. पण गप्प राहून केलेली ही पहिलीच.

असो. कवळी काढून लिहिते आहे त्यामुळे जास्त लिहिलं गेलं असेल. साबुदाणा भिजवायचा की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवीन. तुम्ही दोघं जपून असा. पंधरवडा चालू आहे, आईच्या तिथीला खीर पातळ करावी, तिला घट्ट आवडायची नाही.

तुमची धाकटी,
माई

ता. क. साबुदाण्यासाठी एवढं पत्र लिहिलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. एक काम आहे. किमयाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. अक्षर अक्षर लावत बसते आणि अर्थ निघेपर्यंत वैतागते, त्यात माझं लिहिणं तर तुम्हालाही चष्मा बदलून वाचावं लागतं. तुम्ही तिला हिंदीत एक पत्र घाला. त्यात लिहा की रघुजी सरांना तुम्हीच फोन करून सांगितलं. तुमच्याकडे फोन आहे, पटण्यासारखं आहे. कारण काहीही द्या, म्हातारपण द्या. तुम्ही तिथे धारला, तिचा राग सोसायला दूर आहात. आणि तुमच्यावर ती दिवाळीपर्यंतच रागावेल. माझ्यावर रागावली तर मला दुसरी नात नाही. पत्र शुक्रवारच्या आत पोचेल असं टाका. हे पत्र पेटीत टाकायला तिच्याच हाती देते आहे, काळजी नको.

ता. क. दुसरं. वरचं ता. क. वाचू नये. लिहून झाल्यावर पाणी प्यायला उठले आणि डोळ्यांसमोर आलं की तुमचं हिंदी पत्र किमया शिवानीला दाखवायला जाईल, आणि शिवानी पुन्हा मला येऊन म्हणेल, दादी, आप तो मानती थीं. आणि मी पुन्हा लाडू देईन. नको. तुम्ही सत्त्याहत्तर वर्षं खरं बोललात, माझ्यासाठी आता सुरुवात करू नका. पत्र मीच किमयाला वाचून दाखवते. समोर बसून तोंडानं सांगायला घेतलं तर मी भाजणीवर जाईन. लिहिलेलं आहे तेवढंच वाचायचं.

ता. क. तिसरं. वाचलं. ती पलंगावर बसली होती, मी स्टुलावर. कंसातलं 'मीच सांगितलं तात्या' वाचलं, तेव्हा तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि ती ओळ बोट ठेवून स्वतः वाचली. अक्षर अक्षर लावून. बराच वेळ लागला. मग म्हणाली, "आणि मला म्हणालीस, काय माहीत." मी म्हटलं, हो. ती उठली.  जिना उतरल्याचा आवाज आला, मग फाटकाचा, मग सायकलचा.

त्याला अर्धा तास झाला. पत्र माझ्याच हातात राहिलं आहे, आता मीच टाकीन. शिवानीचं घर आणि मैदान एकाच रस्त्याला आहेत, तेव्हा कुठे गेली ते विचारून कळणार नाही. पण मी खाली जाऊन बघून आले. बूट कोपऱ्यात तसेच पडले आहेत. चपला घालून गेली आहे, आणि चपला घालून मैदानावर कोणी जात नाही.